देवयानीचं देणं

आधी एक कबुली देऊन टाकते. मी लायब्ररीच्या पुस्तकात पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. एकदाच, १९९४ साली, बारावीच्या वर्षात, आणि आता तीस वर्षं उलटून गेली तरी ते वाक्य मला अक्षराच्या वळणासकट पाठ आहे. अभ्यासातलं एक जर्नल एन्ट्रीचं गणित लक्षात राहिलं नाही, हे राहिलं.

पुस्तक होतं 'ययाति'. आमच्या सांगलीत खांडेकरांचं नाव निघालं की कुणीतरी म्हणणारच, आपल्या सांगलीचे हं. खरंच आहे, १८९८ साली ते इथंच जन्मले, आणि 'ययाति'ला पुढं १९७४ सालचं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. त्यामुळं बारावीतल्या मुलीनं 'ययाति' वाचायला घेतलं की घरात कुणी अभ्यास कर म्हणून ओरडत नसे, उलट कौतुकच. मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

सतरा वर्षांच्या मुलीला शर्मिष्ठा आवडते. आवडणारच. राजकन्या असून देवयानीची दासी होते, चोरून प्रेम करते, तान्ह्या पोराला घेऊन भटकते, तोंडातून तक्रार नाही. आणि समोर ही देवयानी, शुक्राचार्यांची लाडावलेली लेक, सतत मान वर, सतत माझा अपमान झाला, मी महाराणी आहे. मला तिचा इतका संताप यायचा की तिची प्रकरणं मी भराभर वाचून काढायचे. खरं तर त्या कादंबरीत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आळीपाळीनं आपापली बाजू स्वतः सांगतात, म्हणजे लेखकानं तिला बोलायला जागा दिलेली होती. मीच ऐकत नव्हते. तर अशाच एका संतापाच्या दुपारी, तिच्याच एका पानाच्या समासात मी लिहिलं, 'हिच्या ताठ्यानंच सगळ्याचं वाटोळं झालं.' खाली दोन रेघा मारल्या. मग शिकवणीला गेले.

हे वाक्य जरा बाजूला ठेवते, परत येते त्याच्याकडं.

आमच्या घरात कादंबऱ्यांबाबत प्रत्येकाची एकेक तऱ्हा होती. आई 'स्वामी' वाचायची. दर दोन-तीन वर्षांनी परत पहिल्यापासून, दुपारी भांडी झाल्यावर, उंबऱ्यात पाठ टेकून. पण शेवट कधीच वाचला नाही तिनं. माधवरावांचं दुखणं वाढून मुक्काम थेऊरला हलायला लागला की पुस्तक मिटायचं आणि कपाटात. आता इतिहास तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला माधवराव गेले, वय २७, क्षय, आणि मागं रमाबाई सती गेल्या. आईलाही ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या डोळ्यांदेखत होऊ देणं वेगळं, असं तिचं काहीतरी गणित असावं. भाऊ एकदा मुद्दाम चिडवायला शेवटची पानं मोठ्यानं वाचायला लागला तर तिनं खरोखर त्याच्या हातातून पुस्तक हिसकावलं आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलली नाही. मी तेव्हा हसले होते. आता मीसुद्धा वेब सिरीजचा शेवटचा एपिसोड महिना महिना तसाच ठेवते, त्यामुळं हसायची सोय राहिली नाही.

बाबा हळदीच्या अडतीवर दिवाणजी. दिवसभर येणं-देणं लिहून घरी आलेल्या माणसाला परत छापील अक्षर नकोच असायचं. त्यांनी आयुष्यात पूर्ण अशी एकच कादंबरी वाचली, 'फकिरा', तीसुद्धा अडतीवर, गिऱ्हाईक नसताना, आणि घरी आणली तेव्हा पानापानावर पिवळे अंगठे उठलेले. उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो ते त्यांना फार पटलं होतं. धान्याच्या पोत्यांत जन्म गेलेल्या माणसाला ते का पटावं हे मी कधी विचारलं नाही. ती लिहिणारे अण्णाभाऊ साठे वाटेगावचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले, आणि गंमत बघा, 'फकिरा' १९५९ ची, 'ययाति'पण १९५९ ची. एकाच जिल्ह्यात जन्मलेल्या दोन माणसांची, एकाच वर्षातली, आणि दोन्ही पुस्तकं एकमेकांच्या शेजारी ठेवली तर वाटावं दोन वेगळे ग्रह आहेत. आमच्या कपाटात शेजारीच होती.

पण खरी वाचक होती आज्जी, आईची आई. तिला वाचता येत नव्हतं.

आज्जी आटपाडीकडची, माणदेशातली. उन्हाळ्यात गावाकडं पाण्याचे हाल सुरू झाले की महिनाभर आमच्याकडं सांगलीला येऊन राहायची आणि आल्यापासून नळ बघत बसायची. कुणी नळ सोडून दात घासत असेल तर तिच्या जिवाला सहन व्हायचं नाही. एका सुट्टीत मी तिला 'बनगरवाडी' वाचून दाखवली. हेतू उदात्त वगैरे नव्हता, दुपारी तिला झोप यायची नाही आणि ती मला झोपू द्यायची नाही. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची कादंबरी, माडगूळ म्हणजे आज्जीच्या गावापासून काही फार लांब नाही, धनगरांची छोटी वाडी, तिथं नवखा तरुण मास्तर शाळा चालवायला येतो, आणि शेवटी दुष्काळात अख्खी वाडी उठून जाते. एवढीच गोष्ट, पुस्तक पण केवढं, शे-दीडशे पानांचं.

मला वाटलेलं आज्जी रडेल. माझं मात्र अनेक ठिकाणी गळ्याशी यायचं आणि आज्जी शांत. एक बैल नाही म्हणून एका गरिबाची बायको औताला खांदा देते तो भाग वाचताना माझा आवाज कापायला लागला, मी थांबून आज्जीकडं बघितलं, तर ती अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. म्हणाली, "मग? पाऊस थांबतोय व्हय बैल मिळंस्तवर?" झालं. मी आपली पुढं वाचायला लागले.

कारभाऱ्यावर तिचा जीव. त्याच्याविषयी ती गावातल्या म्हाताऱ्याविषयी बोलावं तसं बोलायची, रात्री जेवताना आईला सांगायची, "आज कारभारी रुसल्याला मास्तरवर." आईला आधी कळायचं नाही कोण कारभारी. आणि चोऱ्या करणाऱ्या रामोश्याला ती कधी वाईट म्हणाली नाही, "इचारून चोरतंय बिचारं" म्हणाली. मी कॉलेजात नंतर व्यक्तिचित्रणावर मोठमोठे परिच्छेद लिहिलेत, दहा-दहा मार्कांचे, या तीन शब्दांत जे आहे ते त्यात एकदाही आलं नाही.

शेवट आला. वाडी ओस पडली, मी वाचून संपवलं, पुस्तक मिटलं. मला आता काहीतरी बोलावं असं वाटत होतं, सुन्न वगैरे. आज्जी म्हणाली, "आन कुत्री गं?"

"काय कुत्री?"

"मेंढक्यांची वाडी म्हंजे कुत्री असणार की. ती न्हेली का मागं ठिवली?"

मी शेवटची पानं परत चाळली. मला तेव्हा काही सापडलं नाही. तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग बहात्तरचा दुष्काळ सांगायला लागली, जो तिनं त्याआधी मला शंभर वेळा सांगितलेला होता, खडी फोडायची कामं, लाल मायलो, त्याच्या भाकरीला येणारा वास, कामावर मिळणारी सुकडी, पोरांसाठी ती पदरात बांधून आणायची. पण त्या दिवशी एक नवीन निघालं. चार महिने ते सगळे कृष्णाकाठाला नातेवाइकांकडं जगायला आले होते, बैलगाडी घेऊन. कुत्रं मागं राहिलं. "शिवंपतुर आलं गाडीमागनं. मग हुबं ऱ्हायलं. मी वरडले न्हाई, दगड मारला न्हाई, कायच केलं न्हाई. आपसूक माघारी फिरलं. त्येला कळलं असंल." परत गेल्यावर ते दिसलं नाही. नाव काय होतं विचारलं तर म्हणाली, कुत्र्याला कसलं नाव.

तेव्हापासून एक खोड लागलीये मला. कुठलीही कादंबरी संपली की मी मनात विचारते, कुत्री कुठं गेली. बऱ्याच कादंबऱ्यांत कुत्रीच नसतात, म्हणजे मागं काही सुटतच नाही, सगळ्यांचं सगळं व्यवस्थित आवरलेलं, रडायच्या जागा आधीच आखलेल्या, इथं पाऊस, इथं हॉस्पिटल, इथं जुनं पत्र. अशा पुस्तकांनी पण मला रडू येतं हं, खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांना चव नाही. पण ते कांदा चिरल्यासारखं, तोंड धुतलं की संपलं.

उलट 'कोसला'. ती मी उशिरा वाचली, नोकरी लागल्यावर, सांगली-पुणे एसटीत. इतका वेळ तो पांडुरंग सांगवीकर सगळ्या जगाची टर उडवत असतो, आपण पण त्याच्याबरोबर खिदळत असतो, आणि मग त्याची धाकटी बहीण, मनी, जाते. नेमाडे तिथं आवाज अजिबात चढवत नाहीत. त्यामुळंच सहन होत नाही. कराड स्टँडला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीला डोकं लावून अक्षरशः हुंदके देत होते. शेजारी एक टोपीवाले काका, त्यांनी जरा वेळ वाट बघितली आणि हळूच विचारलं, "कोण वारलं का ताई?" आता काय सांगणार. मी म्हणलं, "बहीण." "बारकी होती?" "हो." त्यांनी पिशवीतनं पाण्याची बाटली काढून दिली, भडंगाचा पुडा पुढं केला, आणि पुण्यापर्यंत एक अवाक्षर बोलले नाहीत, स्वारगेटला माझी बॅग मात्र खाली उतरवून दिली. मला सख्खी बहीणच नाही. कुणाच्या नावानं मी ते भडंग खाल्लं याचा विचार केला की अजून कसंतरी होतं.

तर आता ते वाक्य.

लायब्ररीचं कार्ड माझं नव्हतं, आत्याचं होतं. बाबांची मोठी बहीण. एका ऑफिसात टायपिस्ट, आणि लग्नानंतर चार वर्षांत गावभागातल्या आमच्या घरी परत आलेली. आम्हा पोरांना कारण कुणी सांगितलेलं नव्हतं, दारू हा शब्द मी मोठी झाल्यावर ऐकला. आत्या म्हणजे खळ घातलेली साडी, ताठ मान, जेवताना बोलायचं नाही, चप्पल जोडीनं ठेवायची. जवळ घेणं वगैरे तिच्यात नाही. कार्डावर एका वेळी दोन पुस्तकं मिळायची आणि नियम असा की आधी मी वाचायचं, मग ती वाचणार, मग शनिवारी परत. ती वाचून झालं की ओल्या फडक्यानं कव्हर पुसायची, कुणाच्या कुणाच्या हातून फिरतं म्हणायची.

'ययाति' पण तसंच गेलं. मी वाचलं, तिनं वाचलं, शनिवारी परत. मला त्या वाक्याची आठवणसुद्धा नव्हती.

२०१५ च्या सुमारास एका पुस्तक प्रदर्शनात 'ययाति'ची नवी प्रत घेतली, सहज, सवलत होती म्हणून. तोपर्यंत माझं लग्न होऊन पंधरा वर्षं झालेली, विश्रामबागेत फ्लॅट, दोन पोरं. वाचायला बसले ती शर्मिष्ठेच्या ओढीनं, आणि कसं काय कोण जाणे, या वेळी मी देवयानीची प्रकरणं सावकाश वाचत होते. कचावर जीव लावला तर तो म्हणतो मी तुझा भाऊ. भर भांडणात हिला विहिरीत ढकलतात. हात धरून बाहेर काढणारा नवरा होतो, आणि तो हिच्या पाठीमागं हिच्याच दासीकडं जातो. वडलांना दारूतून कचाची राख पाजलेली, दारूनं माणसाचं काय होतं हे घरात बघितलेली पोर, तिला मद्याचा तिटकारा असेल नाहीतर काय असेल? आणि या सगळ्यावर तिनं मान ताठ ठेवली तर आपण म्हणतो, माजोरी आहे. चांगली नाहीये ती, हे पण खरं. शर्मिष्ठेला दासी करते ते क्रूरच आहे. पण वाईट वागणारं माणूस आणि दुखावलेलं माणूस एकच असू शकतं, हे सतराव्या वर्षी कळण्याइतकी अक्कल मला नव्हती.

आणि तिथं वाचता वाचता समासातलं ते वाक्य आठवलं. त्याच्याबरोबर, ते मी कुठं ऐकलं होतं तेही आठवलं.

माझं नव्हतंच ते. गौरी-गणपतीला आलेल्या पाहुण्या बायका, स्वयंपाकघरात मोदकांची पारी करत बसलेल्या, आत्या ऑफिसला गेलेली, आणि त्यातली एक म्हणाली होती, हिच्या ताठ्यानंच सगळ्याचं वाटोळं झालं. मी शेजारी बसून नारळ खवत होते. शब्द न् शब्द तोच. मी तो आत्याच्या कार्डावर आणलेल्या पुस्तकात लिहून ठेवला, आणि ते पुस्तक माझ्यानंतर कोण वाचणार हे मला पक्कं माहीत होतं.

प्रदर्शनातली प्रत मांडीवर तशीच राहिली. त्या रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, अगं इतक्या वर्षांपूर्वीचं, त्यांच्या लक्षात तरी असेल का, आणि त्यांनी ते पान वाचलंच असेल कशावरून. माझे आई-बाबा तोवर गेलेले होते, म्हणजे विचारायला मधलं कुणी नाही. मी ठरवलं की लायब्ररीत जायचं, ती प्रत शोधायची आणि निदान ते खोडून टाकायचं. पर्समध्ये खोडरबर पण ठेवलं, पोराच्या कंपासमधलं. पण विश्रामबागेतून गावभाग काय लांब आहे का, म्हणून रोज राहिलं. आज बँक, उद्या परीक्षा, परवा पाहुणे. चार वर्षं.

मग २०१९ चा ऑगस्ट. सांगलीकरांना सांगायला नको. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट, आणि आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यात पाणी माळ्यापर्यंत. आत्या तिथं एकटीच राहायची, तिला बोटीतून काढलं, उतरली तेव्हा हातात पासबुकं आणि चष्म्याचं घर, साडी भिजलेली आणि मान तशीच. पाणी ओसरल्यावर गावभागात जो वास होता तो अजून नाकात आहे. रस्त्याच्या कडेला गाद्या, कपाटं, धान्य. आमच्या लायब्ररीसमोर पुस्तकांच्या लगद्याचा ढीग, जिथं एकेक पुस्तक वेगळं सुद्धा ओळखू येत नव्हतं. मी तिथं उभी राहिले जरा वेळ. लोकांची घरं गेलेली आणि मी एका पेन्सिलीच्या ओळीसाठी उभी, कुणाला सांगायची पण लाज.

तेव्हापासून आत्या माझ्याकडं असते. वय ऐंशीकडं चाललंय. डोळ्यांच्या मधोमध डाग आहे, कडेचं दिसतं पण समोरचं अक्षर दिसत नाही, डॉक्टर म्हणाले आहे ते टिकवायचं. ऐकायची पुस्तकं मोबाईलवर लावून दिली तर म्हणाली, हा माणूस फार अभिनय करतो, बंद कर. म्हणून रोज रात्री अर्धा तास मी वाचते. तिला रडकं आवडत नाही. आवडलं नाही की सरळ "पुढचं पान" म्हणते.

गेल्या पावसाळ्यात 'ययाति' मीच काढली. खरं सांगायचं तर हात थरथरत होते माझे, वाटलं वाचता वाचता कधीतरी सांगून टाकीन. पहिले काही दिवस ययातिच बोलत होता. मग देवयानीचं सुरू झालं. बाहेर पाऊस, व्हॉट्सअॅपवर पाण्याच्या पातळीचे मेसेज, आयर्विन इतके फूट, आयर्विन तितके फूट. मी वाचत होते, सावकाश, जमेल तितकं नीट.

"ही वाचलीये मी," आत्या म्हणाली.

"हो?"

"लायब्ररीची होती. कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं तिच्यात."

मी मान वर केली नाही. तिचं तोंड माझ्याकडं नव्हतंच, डोळ्याच्या कडेनं बघायला ती आताशा मान भिंतीकडं वळवते, म्हणजे बघतच असेल तर मलाच बघत होती.

"खोडायला घेतलेलं मी. खोडरबर पण आणलेलं ऑफिसातनं. मग म्हणलं असू दे, पोरगीला वाटलंय तर."

जरा वेळ फक्त पावसाचा आवाज.

"थांबलीस का? वाच की. आणि ती खिडकी ओढून घे आधी, पुस्तकावर पाणी येतंय."

मी उठून खिडकी लावली.